ईसीजी नॉर्मल, तरी छातीत धडधड : पॅनिक अटॅक आणि सततची चिंता कशी ओळखायची, पुण्यात मदत कुठे घ्यायची

रात्री दीडला छातीत धडधडायला लागतं, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात. घरचे रिक्षा शोधून जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेतात. ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं आणि पहाटे डॉक्टर सांगतात, "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ज्याला त्रास झाला तो मात्र आणखीच गोंधळतो. सगळं नॉर्मल आहे, तर मग आपण मरतोय असं का वाटलं? आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच होतं, पुन्हा दुसरं हॉस्पिटल, पुन्हा ईसीजी.

मी समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या पिशवीत अशा ईसीजींची जाडजूड फाइल असते. नॉर्मल ईसीजी ही चांगलीच बातमी आहे, पण तिथे काम अर्धंच होतं. हृदय ठणठणीत आहे याचा अर्थ त्रास खोटा आहे असा होत नाही. पुढे काय करायचं हे त्या पहाटे कोणी सांगत नाही, म्हणून ते इथे क्रमानं लिहिते आहे.

पायरी १ : आधी शरीराची खात्री

छातीत दुखणं किंवा श्वास अडकणं पहिल्यांदाच होत असेल, तर "हा पॅनिकच असेल" असं घरी बसून ठरवू नका. पॅनिक अटॅक आणि हार्ट अटॅक यांची लक्षणं एकमेकांत मिसळतात, आणि कितीही वाचलं तरी आपल्याला ती खात्रीनं वेगळी करता येत नाहीत. दुखणं जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात जात असेल, चालताना किंवा जिना चढताना सुरू झालं असेल, दरदरून घाम येऊन उलटी होत असेल, शुद्ध हरपली असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा एका बाजूची ताकद गेली असेल, तर थेट १०८ ला फोन लावा. मधुमेह, बीपी, तंबाखू-सिगारेट किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर हे आणखी महत्त्वाचं. मधुमेही लोकांमध्ये आणि स्त्रियांमध्ये हार्ट अटॅक कधी कधी छातीत फारसं न दुखता नुसता दम लागून, मळमळून किंवा गळून गेल्यासारखा येतो. "गॅस झाला असेल, ईनो घे" म्हणत घालवलेला तासाभराचा वेळ इथे महागात पडतो.

ती वेळ निभावली की शांतपणे फॅमिली डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. वाढलेला थायरॉइड, पंडुरोग, साखर एकदम उतरणं, हृदयाचे अनियमित ठोके, दमा या सगळ्यांत धडधड आणि थरथर होते. घेत असलेली औषधंही सांगा : दम्याचा पंप, सर्दीच्या गोळ्या, थायरॉइडच्या गोळीचा जास्त झालेला डोस. रोज दारू घेणाऱ्यानं ती एकदम बंद केली असेल, तर तेही लपवू नका, कारण त्यातली थरथर आणि घालमेल धोक्याची असू शकते. आणि चहा-कॉफी मोजा. अमृततुल्यवर कटिंग कटिंग म्हणत दिवसभरात किती कप होतात याचा हिशोब आपण ठेवत नाही.

या तपासण्या एकदा नीट करा. दर अटॅकनंतर नव्यानं करू नका. लक्षणं बदलली किंवा डॉक्टरांनी सांगितलं तरच पुन्हा. वारंवार तपासणं हेही पुढे चिंतेचंच खाद्य होतं.

पायरी २ : किती वेळात चढलं, किती वेळात उतरलं

मुख्य फरक वेळेचा आहे. पॅनिक अटॅक वळवाच्या पावसासारखा येतो, आणि सततची चिंता आषाढातल्या झडीसारखी दिवसचे दिवस लागून राहते.

पॅनिक अटॅकमध्ये तीव्र भीती अचानक उसळते आणि काही मिनिटांत, बहुधा दहाएक मिनिटांच्या आत, शिगेला पोचते. मग हळूहळू ओसरते. अर्ध्या तासात बहुतेकांना बरंच बरं वाटतं, फक्त थकवा उरतो. डॉक्टर तेरा लक्षणांची यादी धरतात : धडधड, घाम, थरथर, धाप, घशात अडकल्यासारखं वाटणं, छातीत दुखणं, मळमळ, चक्कर, एकदम थंडी किंवा गरम वाफा, मुंग्या, आजूबाजूचं किंवा स्वतःचं शरीर खरं नसल्यासारखं वाटणं, वेड लागेल किंवा ताबा सुटेल अशी भीती, मरणाची भीती. यातली चार किंवा जास्त एकदम उसळली तर त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो झोपेतूनही दचकून जागं करतो. त्या वेळी स्वप्न पडलेलं असायलाच हवं असं नाही.

त्या मुंग्यांचं कारण सांगते, कारण लोक सर्वांत जास्त घाबरतात ते त्यांनाच. समोर वाघ असता तर जे झालं असतं तेच शरीर करतं. ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात पंप करतं, श्वास जलद होतो. पण आपण पळत नाही, जागेवर बसलेले असतो. मग गरजेपेक्षा जास्त श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. म्हणजे "श्वास पुरत नाही" असं वाटत असताना प्रत्यक्षात श्वास जास्त होत असतो. हे कळल्यावर अटॅक थांबत नाही, पण "आता लकवाच मारला" ही भीती पुष्कळ कमी होते.

आयुष्यात एखाद-दुसरा पॅनिक अटॅक पुष्कळ लोकांना येतो. तेवढ्यानं आजार ठरत नाही. अनपेक्षितपणे पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि त्यानंतर महिनाभर किंवा जास्त काळ "पुन्हा येईल का" हीच धास्ती राहिली, किंवा त्या धास्तीनं वागणं बदललं, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. हे बदललेलं वागणं नीट बघा. स्वारगेटहून शिवाजीनगरला रोज भुयारी मेट्रोनं जाणारा तरुण एकदा डब्यात घाबरतो. दुसऱ्या दिवसापासून बस. मग बसमध्येही दाराजवळचीच जागा. मग गर्दीच्या वेळी रिक्षा. मग "सर, आज घरून काम करतो." पर्वतीवर रोज फिरायला जाणारे काका चढताना धडधडतं म्हणून जाणं सोडतात, कारण ती धडधड अटॅकसारखीच वाटते. अटॅक दहा मिनिटांचा असतो, पण त्याच्या भीतीनं माणसाचं जगच आक्रसत जातं. माझ्या मते मदत घ्यायची वेळ झाली की नाही हे अटॅकच्या संख्येवरून ठरवू नये. काय काय करणं सोडलं, यावरून ठरवावं.

सततच्या चिंतेचं चित्र वेगळं. इथे एकदम उसळणं नसतं. सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवशी, अनेक गोष्टींची काळजी वाटत राहते आणि ती आवरता येत नाही. सोबत अस्वस्थता, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड, मान-खांदे आखडणं, झोपमोड यांतलं तीन तरी काही असतं. काळजीचा विषय बदलत राहतो. मुलगी हिंजवडीहून पोचली का, ती पोचली की गृहकर्जाचा हप्ता, तो भरला की आईचा गुडघा. अशी माणसं बहुधा घरातली सर्वांत जबाबदार माणसं असतात आणि सगळे म्हणतात, "तिचा स्वभावच काळजी करायचा आहे." त्यामुळे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातच येत नाही. ती स्वतः डॉक्टरांकडे जाते ती पित्ताची, डोकेदुखीची किंवा मानदुखीची तक्रार घेऊन.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना परीक्षेआधी जे होतं, त्या सगळ्याला आजार म्हणू नये. परीक्षा झाल्यावर झोप आणि भूक परत येते का, हे पाहा. निकाल लागला, घरी जाऊन आलं, तरी छातीवरचं ओझं तसंच असेल, तर दखल घ्यायला हवी.

दोन्ही एकाच माणसाला असू शकतं. महिनोन्महिने चिंतेत असलेल्याला अधूनमधून पॅनिक अटॅकही येतो. शिवाय अटॅक फक्त चारचौघांत बोलतानाच येत असेल, किंवा एखाद्या अपघाताच्या आठवणीनंच येत असेल, तर निदान आणखी वेगळं असू शकतं. म्हणून शेवटचा निर्णय डॉक्टरांचाच.

पायरी ३ : दोन आठवडे वही

डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मं आठवत नाही. म्हणून दोन आठवडे साध्या वहीत नोंद ठेवा. नोंद अशी असावी :

"मंगळवार, सकाळी ९.२०. मेट्रो, मंडई सुटल्यावर. गर्दी. दोन मिनिटांत धडधड, घाम, बोटांत मुंग्या. पहिला विचार : इथेच पडणार. पुढच्या स्टेशनला उतरलो, बाकावर बसलो. ९.४० ला बरं. रात्री झोप चार तास, सकाळी दोन चहा, नाश्ता नाही. बुधवारी बसनं गेलो."

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं आहे. अटॅकनंतर काय टाळलं, ते त्यात आहे. चिंतेचा त्रास असणाऱ्याची नोंद निराळी दिसेल : "दिवसभर जड. दुपारी मुलीनं फोन उचलला नाही, चार वेळा लावला. रात्री मान आखडली. तीनला जाग, मग झोप नाही." दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर फरक सांगायला तज्ज्ञही लागणार नाही.

नोंद दिवसातून एकदाच करा, पाच मिनिटांत. दर तासाला नाडी मोजून लिहू नका. मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके सारखे बघायची सवय असेल, तर ते घड्याळ हे दोन आठवडे कपाटात ठेवा.

जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची चाचणीही आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र चिंता समजतात. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा. हा आकडा म्हणजे निदान नाही, आणि पॅनिकचा त्रास असणाऱ्याचे गुण कमीही येऊ शकतात.

पायरी ४ : अटॅक चालू असताना

हृदयाची तपासणी झालेली आहे आणि त्रास ओळखीचाच आहे, हे गृहीत धरून सांगते. गाडी चालवत असाल तर आधी ती बाजूला घ्या. मग स्वतःला सांगा, "हा पॅनिक आहे, चढेल आणि उतरेल." त्याला थांबवायची धडपड करू नका, कारण धडपडीनं तो वाढतो. श्वास खोल घ्यायचाही प्रयत्न नको. श्वास सोडण्यावर लक्ष द्या. नाकानं सावकाश आत, मनात चारपर्यंत मोजत, आणि फुंकर घातल्यासारखा सहापर्यंत मोजत बाहेर. चार-पाच मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घेणं टाळा, त्रास खरोखर दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर ते धोक्याचं ठरतं. पाय जमिनीवर दाबा, समोरच्या पाट्या वाचा, हातातल्या पिशवीचा खरखरीतपणा जाणवू द्या. जागा सुरक्षित असेल तर शक्यतो तिथून पळू नका. उतरेपर्यंत तिथेच थांबलात, तर मेंदूला कळतं की इथे धोका नव्हता.

शेजारी असणाऱ्यानं काय करायचं? "शांत हो, काही झालेलं नाही" हे म्हणू नका. ज्याला मरण दिसतंय त्याला ते झिडकारल्यासारखं लागतं. एक आई मुलाला असं म्हणाल्याचं मला ठाऊक आहे : "बाळा, मी इथेच बसलेय. कुठे जात नाही. माझ्याबरोबर श्वास सोड." त्यांनी ना पंखा फास्ट केला, ना शेजाऱ्यांना हाका मारल्या, ना कांदा हुंगायला दिला. मुलाचा हात हातात घेऊन त्या सावकाश मोजत राहिल्या. याहून जास्त काही लागत नाही.

पायरी ५ : पुण्यात कोणाकडे जायचं

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. निदान करणं आणि औषध देणं त्यांचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, थेरपी करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती जरूर विचारा. समुपदेशक बोलून आधार देतात, मार्ग दाखवतात, पण समुपदेशकाची पाटी लावायला फार कडक अट नाही, म्हणून शिक्षण विचारायला संकोचू नका. चांगला समुपदेशक याचा राग मानणार नाही. वारंवार पॅनिक अटॅक येत असतील तर माझा सल्ला हाच, की सुरुवात मनोविकारतज्ज्ञांपासून करा.

खर्चाची अडचण असेल तर पुणे स्टेशनजवळचं ससून रुग्णालय. तिथे मनोविकार विभागाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि निम्मा दिवस मोकळा ठेवा. पिंपरी-चिंचवडकरांना संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ पडतं. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं की लोक दचकतात. पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखवून औषध घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं. "येरवड्याला पाठवू का" असं घराघरांत चेष्टेनं बोललं जातं, आणि त्यामुळे किती माणसं उपचारांपासून लांब राहिली असतील याचं मला फार वाईट वाटतं. खासगीत रास्ता पेठेतलं केईएम, एरंडवण्यातलं दीनानाथ मंगेशकर, धनकवडीतलं भारती हॉस्पिटल अशा मोठ्या रुग्णालयांत हे तज्ज्ञ भेटतात, शिवाय बहुतेक उपनगरांत स्वतंत्र दवाखाने आहेत. जाण्याआधी फोन करून वेळ आणि फी विचारा.

रात्री-अपरात्री कोणाशी तरी बोलायचं असेल तर १४४१६. ही टेलि-मानस नावाची सरकारी मोफत सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील तर वही वगैरे काही नको. आजच १४४१६ किंवा ११२ ला फोन करा, एकटं राहू नका, आणि घरच्यांनी त्या माणसाला सोबत घेऊन थेट कॅज्युअल्टी गाठावी.

पायरी ६ : पहिली भेट

वही, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या. सुरुवात कशी करायची हे सुचत नसेल तर एवढंच म्हणा : "डॉक्टर, मला अचानक अशी भीती येते, इतक्या मिनिटांत उतरते, तपासण्या झाल्यात, आणि मी या या गोष्टी करणं सोडलंय." झोप, भूक, दारू-तंबाखू, घरातले आजार, मनातले टोकाचे विचार हे सगळं विचारलं जाईल. बरोबर कोणी आलं असेल तरी थोडा वेळ एकट्यानं बोलायला मागा. तुमची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं दिला आहे. उठण्याआधी हे विचारून घ्या : निदान काय, औषध कशासाठी, फरक कधी दिसेल, सुरुवातीला काय त्रास होईल, पुन्हा कधी येऊ.

पायरी ७ : उपचार कसे चालतात

दोन्ही त्रासांवर कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे सीबीटी, हा सिद्ध झालेला उपचार आहे. साधारण दहा ते पंधरा बैठका, दर आठवड्याला एक. पॅनिकमध्ये थेरपिस्ट मुद्दाम धडधड आणायला लावतात : जिने भराभर चढा, खुर्चीत गरगर फिरा, बारीक नळीतून श्वास घ्या. शरीराची धडधड आणि धोका यांची मनात बसलेली गाठ सुटावी यासाठी हे असतं. मग टाळलेल्या गोष्टी सोप्याकडून अवघडाकडे पुन्हा सुरू होतात. आधी दुपारच्या रिकाम्या मेट्रोत एक स्टेशन सोबतीनं, मग एकट्यानं, मग गर्दीत. चिंतेच्या थेरपीत भर वेगळा असतो : काळजीतलं हाताळता येण्यासारखं काय आणि नुसतं "असं झालं तर" काय, हे निवडायला शिकवतात.

औषधांत बहुधा एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालिनसारख्या गोळ्या दिल्या जातात. पहिल्या आठवड्यात अस्वस्थता किंचित वाढू शकते, फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. दहाव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून पुष्कळ जण गोळी सोडतात, आणि तिथेच घोटाळा होतो. बरं वाटल्यावरही ती सहसा काही महिने चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. या गोळ्यांची चटक लागत नाही. अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम यांचं मात्र वेगळं आहे. त्या पटकन शांत करतात, पण लांबल्या तर सवय लागते, आणि एकदम बंद केल्या तर फिटही (आकडी) येऊ शकते. शेजारणीनं किंवा ऑफिसातल्या मित्रानं दिलेली "अर्धी गोळी" यांतलीच असते. ती घेऊ नका. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

रोज चालणं, ठरावीक वेळी झोप, दुपारनंतर चहा-कॉफी बंद, याचा खरोखर उपयोग होतो. हे उपचारांच्या जोडीनं करायचं. महिनोन्महिने त्रास काढणाऱ्याला नुसतं "प्राणायाम कर" सांगून भागत नाही.

घरी आणि ऑफिसात सांगताना

आई-बाबांना "मला मानसिक आजार आहे" हे एकदम सांगणं जड जात असेल, तर शरीरापासून सुरुवात करा : "बाबा, छातीत धडधड होते त्याचं कारण डॉक्टरांना सापडलंय. हृदय चांगलं आहे, मेंदूची धोक्याची घंटा उगाच वाजते. त्यावर उपचार आहेत, मी सुरू केलेत." कोणी नजर काढायची म्हणालं तर भांडू नका, काढू द्या. गोळी आणि थेरपी तेवढी चुकवू नका.

आरोग्य विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. वर सांगितलेला कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही विमासंरक्षण द्यावं असं त्यात म्हटलं आहे. मात्र ओपीडीची फी बऱ्याच पॉलिसींत कोणत्याच आजाराला मिळत नाही, ते कलम आधी वाचा. काही कंपन्या कर्मचाऱ्यांना गोपनीय समुपदेशनाच्या मोफत बैठका देतात, तेही एचआरकडे विचारा.

डॉक्टरांशी सूर जुळला नाही तर दोन-तीन भेटींनंतर खुशाल बदला. फाइल मागून घ्या आणि नव्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत चालू गोळ्या तशाच घेत राहा. बरं झाल्यावर वर्षा-दोन वर्षांनी एखादा अटॅक पुन्हा आला, तर कॅज्युअल्टीच्या फेऱ्या नव्यानं सुरू करू नका. लक्षणं तीच असतील तर पायरी ४ प्रमाणे तो उतरू द्या, आणि त्याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांची वेळ घ्या.